ऑक्सफर्डचा इंग्रजी–चिनी शब्दकोश: ‘रन’च्या नोंदीवरून

परभाषकांसाठी केलेल्या इंग्रजी शब्दकोशाची पारख करायची असेल, तर त्यात अवघड शब्द शोधण्यापेक्षा एखादे अगदी साधे क्रियापद काढून पाहावे, असे माझे मत आहे. बीजिंगच्या कमर्शियल प्रेसने काढलेला ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’चा इंग्रजी–चिनी कोश पाहताना मी ‘रन’ हा शब्द निवडला, कारण चिनी विद्यार्थी शब्दांच्या याद्या पाठ करताना त्याची जोडी ‘फाओ’शी, म्हणजे पळण्याशी, लावतात आणि पुढे हॉटेल ‘रन’ करणारा मालक किंवा निवडणुकीत ‘रन’ करणारा उमेदवार वाचनात आला की अडखळतात.

चिनी भाषेत यांतील बहुतेक अर्थांना वेगवेगळी क्रियापदे आहेत. व्यवसाय चालवणे म्हणजे ‘जिंगयिंग’, निवडणूक लढवणे म्हणजे ‘जिंगश्वेन’, संगणकावर प्रोग्रॅम चालणे म्हणजे ‘युनशिंग’. नळाचे पाणी आणि सर्दीतले नाक मात्र दोन्ही ‘ल्यौ’, म्हणजे वाहतात. एवढा पसारा आवरताना कोशाने अर्थांना केवळ क्रमांक दिलेले नाहीत, तर अर्थांच्या माथ्यावर शर्यत, व्यवस्थापन, द्रवपदार्थ, रंग, निवडणूक अशी विषय सांगणारी छोटी शीर्षकेही दिली आहेत, त्यामुळे लांबलचक नोंदीतही हवा तो अर्थ चटकन सापडतो. (कपड्याचा रंग मराठीत ‘जातो’, इंग्रजीत तोही ‘रन’ होतो.)

कोशाचे खरे बळ मात्र दुहेरी स्पष्टीकरणात आहे. आधी सुमारे 3000 निवडक शब्दांच्या आधारे लिहिलेली इंग्रजी व्याख्या येते आणि तिच्यामागोमाग चिनी अनुवाद. नुसता ‘जिंगयिंग’ हा प्रतिशब्द दिला असता, तर ‘रन’ फक्त धंद्यापुरता आहे असा समज झाला असता. प्रशिक्षणवर्ग किंवा देश चालवणे त्या चिनी शब्दात नीट बसत नाही, इंग्रजी क्रियापदात ते सहज बसते. हा फरक व्याख्या आणि उदाहरणवाक्ये एकत्र वाचल्यावरच कळतो. मूळ कोश ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधील अध्यापनाच्या अनुभवातून रचला आणि तो 1942 साली टोकियोत छापला गेला. परक्या विद्यार्थ्याला वाक्य करताना काय अडते याची ती जाण आजही जाणवते.

मर्यादा आहे ती दिशेची. चिनीत दिवा लावणे, गाडी चालवणे आणि बैठक घेणे या तिन्ही ठिकाणी ‘खाय’ हे एकच क्रियापद चालते आणि त्याचा पहिला इंग्रजी प्रतिशब्द ‘ओपन’ असल्यामुळे ‘ओपन द लाइट’ असे वाक्य सहज लिहिले जाते. ‘ओपन’च्या नोंदीत असा प्रयोग आढळत नाही, पण न आढळणारा प्रयोग चुकीचा आहे हे विद्यार्थ्याला तेवढ्यावरून उमगत नाही. वाचनासाठी हा कोश एकटा पुरेल. इंग्रजीत लिहिणाऱ्या चिनी भाषकाने मात्र चिनी–इंग्रजी कोशही जवळ ठेवावा.