बारा शीट, एकच काम: लूप, वेगळी सब की ॲरे?

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या एक्सेल फाइलमध्ये एप्रिल ते मार्च अशा 12 शीट आहेत. थकबाकीवर व्याज लावणारा मॅक्रो (एक्सेलमधल्या पायऱ्या आपोआप करणारा कोड) कुणीतरी रेकॉर्ड केला, मग तोच 9 ओळींचा तुकडा प्रत्येक महिन्यासाठी कॉपी-पेस्ट केला. झाल्या 108 ओळी. डिसेंबरच्या तुकड्यात एका जागी नोव्हेंबरचंच नाव राहिलं. एरर आली नाही, मॅक्रो नीट संपला. नोव्हेंबरला व्याज दोनदा लागलं आणि डिसेंबर कोरा राहिला. एक आजोबा पावती घेऊन आले तेव्हा कळलं. असा कोड आटोपशीर करायचा तो यासाठीच: नियम एका जागी असला की चूकही एकाच जागी शोधावी लागते.

लूप, सब, ॲरे यांपैकी काहीही निवडलंत तरी आधी कोडमधलं ‘सिलेक्ट’ काढा. रेकॉर्डर ‘रेंज (सेलचा गट) सिलेक्ट, मग सिलेक्शनवर काम’ अशा दोन पायऱ्या लिहितो. रेंजला थेट काम सांगता येतं. एकाच रेंजचं नाव चार ओळींत येत असेल तर ‘विथ’ वापरा, म्हणजे ते एकदाच लिहावं लागतं.

आता निवड. तुकड्यांमध्ये फक्त शीटचं नाव बदलत असेल तर लूप, म्हणजे तेच काम एकेका शीटवर पुन्हा करणाऱ्या ओळी, घ्या:

फॉर ईच शी इन वर्कशीट्स
शी.रेंज("डी2:डी41").नंबरफॉरमॅट = "0.00"
नेक्स्ट

(एडिटरमध्ये हे अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचं.) लूप वाचायला सगळ्यात सोपा, पण तो फाइलमधल्या प्रत्येक वर्कशीटवर फिरतो. ‘गोषवारा’ नावाची शीट असेल तर तिच्यावरही. म्हणून नावांची यादी देऊन फिरवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. यादीतलं नाव चुकलं तर एरर 9 (त्या नावाची शीट सापडली नाही) येते, आणि गुपचूप चुकण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

नावासोबत रेंज, व्याजाचा दर अशा दोन-तीन गोष्टी बदलत असतील तर लूपमध्ये इफ-एल्सची गर्दी होते. तिथे वेगळी सब (नाव देऊन हवा तेव्हा बोलवता येणारा कोडचा तुकडा) लिहा आणि बदलणाऱ्या गोष्टी आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे तिला बोलवताना सोबत, द्या. ‘व्याजलावा "डिसेंबर", "डी2:डी41", दर’ ही ओळ कोड न येणाऱ्या खजिनदारालाही कळते. एफ8 दाबत, म्हणजे कोड एकेक ओळ चालवत, एकच महिना तपासताही येतो. माझा कल इकडेच आहे.

ॲरेचं कारण वेगळं: वेग. एकेक सेल वाचताना कोडला दरवेळी एक्सेलकडे जावं लागतं. ॲरेत (कोडच्या मेमरीतल्या किमतींच्या यादीत) अख्खी रेंज एका खेपेत येते आणि एका खेपेत परत जाते. 40 फ्लॅट गुणिले 12 महिने म्हणजे 480 सेल, त्यासाठी याची गरज नाही. बँकेच्या 50,000 नोंदी असतील तर जरूर घ्या, पण ओळी मोजणाऱ्या व्हेरिएबलचा प्रकार ‘लाँग’ ठेवा. ‘इंटिजर’ हा लहान प्रकार 32,767 ला थांबतो. आणि ज्या रेंजमध्ये फॉर्म्युले आहेत तिच्यावर ॲरेतल्या किमती परत लिहिल्या तर फॉर्म्युले पुसले जातात. हा धोका लहान फाइलसाठी पत्करू नये.

आमच्याकडे महिन्यांच्या यादीवर लूप आणि आत सबला हाक, असं जमवलं. दर कोडमध्ये न लिहिता गोषवाऱ्याच्या एका सेलमधून घेतला, म्हणजे सभेत तो बदलला तर कोड उघडायला नको. नवा मॅक्रो पहिल्यांदा फाइलच्या कॉपीवरच चालवा. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही.