फिटनेस बँड आणि खुर्चीवरची नोकरी : जळगावातील आठ महिन्यांचा अनुभव

मी जळगावात एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करतो. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा खुर्ची सुटत नाही आणि मार्चअखेरीस तर डबासुद्धा टेबलावरच उघडावा लागतो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वजन 83 किलोवर आणि कमरेचा घेर 99 सेंटिमीटरवर गेला (भारतीय पुरुषांसाठी 90 च्या पुढचा घेर धोक्याचा मानतात), तेव्हा ऑक्टोबरात सुमारे अडीच हजार रुपयांचा फिटनेस बँड घेतला. आंघोळ आणि चार्जिंग सोडले तर तो तेव्हापासून मनगटावरच आहे.

पहिल्या आठवड्याची सरासरी 2,900 पावले निघाली. दिवसभर आपली धावपळ चालू असते अशी माझी समजूत होती; ती धावपळ बहुतेक मोटारसायकलवरची होती, हे त्या आकड्याने उघडे पाडले. ईर्षेने मी लगेच बँडमध्ये आधीच भरून ठेवलेले दहा हजारांचे लक्ष्य पकडले आणि बाराव्या दिवशी दोन्ही नडग्या इतक्या दुखू लागल्या की कार्यालयाचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. पुढे वाचनात आले की दहा हजारांचा हा आकडा 1965 साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला आहे; त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. मग मी लक्ष्य साडेचार हजारांवर आणले आणि दर पंधरवड्याला पाचशे पावले वाढवत गेलो.

अचूकतेबद्दल स्पष्ट लिहायला हवे. मेहरूण तलावाच्या काठाने मी तोंडाने मोजून एक हजार पावले चाललो, तेव्हा बँडवर 978 दिसली, जे उत्तमच आहे; पण तेवढेच अंतर हात खिशात घालून चाललो तर 640 भरली. बँडमधल्या सेन्सरला पाय दिसत नाहीत, त्याला हाताचे हेलकावे कळतात. त्यामुळे खड्ड्यांतून मोटारसायकल चालवली की बसल्या जागी पावले जमा होतात. एका संध्याकाळी सौभाग्यवतींनी गंमत म्हणून बँड घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) सहा भाकरी थापल्या, तर ओट्यापुढून न हलता दोनशेच्या वर पावले पडली. तिचे म्हणणे असे की तो हिशेब चुकीचा नाहीच.

सर्वाधिक फसवणूक केली ती कॅलरीच्या आकड्याने. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमच्याकडे शेतातल्या भरीत पार्ट्यांचे दिवस. ‘आज 2,100 कॅलरी खर्च’ असे बँडवर वाचून मी निर्धास्तपणे तेलाचा तवंग असलेले भरीत, पुऱ्या आणि वर शेंगदाण्यांची मूठ असा हात चालवत राहिलो आणि जानेवारीअखेर वजन एक किलोने वाढले. माझ्या बँडच्या त्या आकड्यात, दिवसभर अंथरुणात पडून राहिलो तरी शरीर जे खर्च करते, तेही धरलेले असते. चालण्याचा वाटा त्यात थोडाच, आणि तोही अंदाजाने काढलेला. झोपेच्या नोंदीचेही तसेच : आडवे पडून वर्तमानपत्र वाचले की ते झोपेत जमा होते.

मग पैसे वसूल कशात झाले? दोन गोष्टींत. पहिली म्हणजे तासभर बसून राहिले की मनगटावर होणारी थरथर. सुरुवातीला ती चीड आणणारी वाटली. पण तिच्यामुळे मी पाण्याची बाटली टेबलावर भरून ठेवणे बंद केले, आणि थरथर झाली की हात न टेकवता खुर्चीवरून दहा वेळा उठून-बसून मगच पाणी प्यायला जाऊ लागलो. आमचे शिपाईकाका अजूनही दर वेळी ‘कथा चालना भाऊ?’ (अहिराणीत, ‘कुठे निघालास भाऊ?’) असे विचारतात. दुसरी म्हणजे विश्रांतीच्या वेळची नाडी. ती ऑक्टोबरात 84 होती, आता 73 च्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. ते वेळापत्रक मी सलग पाळले, त्या महिन्यांतच नाडी उतरली. मात्र भरभर चालताना पट्टा सैल असेल तर हाच बँड नाडीचे भलतेच आकडे दाखवतो. तो मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घट्ट बांधावा लागतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याने त्याची खरी परीक्षा घेतली. एप्रिलपासून फिरणे पहाटे साडेपाचला न्यावे लागले, कारण नऊनंतर रस्त्यावर उभे राहणेही नको होते आणि भर उन्हात पडद्यावरचे काही दिसतही नाही. घामाने सिलिकॉनच्या पट्ट्याखाली पुरळ उठले. कापडी पट्टा घेतल्यावर ते गेले. कंपनीने चौदा दिवसांची सांगितलेली बॅटरी नाडीची सततची नोंद चालू ठेवल्यास आठ-नऊ दिवस चालते.

आज वजन 77 किलो, घेर 92 सेंटिमीटर आणि रोजची पावले साधारण साडेसात हजार आहेत. कॅलरी, झोप आणि फोनवरच्या संदेशांच्या सूचना मी बंद करून टाकल्या आहेत. पावले, नाडी आणि तासाची थरथर एवढेच चालू ठेवले आहे, आणि त्यामुळे बॅटरीही दोन दिवस जास्त पुरते.