फुले विक्रम हरभरा: पेरणीपासून डाळीपर्यंत आठ महिन्यांचा अनुभव

वाण चांगलं आहे, हे आधीच सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दर्यापूरकडच्या आमच्या दोन एकरांत पेरलं. आमचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे हरभरा जमिनीतल्या ओलीवरच येतो. आधी जाकी ९२१८ असायचा, तो पसरट. राहुरी विद्यापीठाचं हे विक्रम सरळ उभं वाढतं, घाटे (शेंगा) जमिनीपासून वर लागतात, म्हणून हार्वेस्टर चालतो. मर रोग फारसा दिसला नाही. घाटेअळी आली, तिला वाणाचं काय देणंघेणं! एकरी सहा क्विंटल पिकला. पुरणाला डाळ बरी, हुळा मात्र मला जाकीचाच गोड लागतो.

आता हाताचं सांगते. हरभरा सोंगणं, म्हणजे कापणं, आमच्याकडे बायकांचं काम. तेही पहाटे, दहिवर असताना, कारण ऊन चढलं की घाटे फुटतात. नेमकी तेव्हाच आंब ओली असते. पानांवरच्या लवेतून मॅलिक आम्ल पाझरतं, तीच ही आंब. जुनी माणसं पांढरं फडकं पिकावर फिरवून ती पोटदुखीसाठी धरून ठेवायची. पण सोंगणारीच्या बोटांच्या चिरांत गेली की रात्री भाकर थापवत नाही. ह्यांचे जुने मोजे हातात चढवून मी किती हंगाम काढलेत! यंदा मी धुऱ्यावर उभी होते आणि हार्वेस्टर वावरात फिरत होता. कंबर सरळ ठेवून पाहिलेली ही माझी पहिली सोंगणी.

पण आमच्या शेतात मी मालकीण, तर लोकांच्या शेतात मजूर. दरवर्षी पंधरा-वीस दिवस दुसऱ्यांचा हरभरा सोंगायला जायचे, २५० रुपये रोज. यंदा चारच दिवस काम मिळालं, कारण विक्रम फक्त आम्हीच पेरलेलं नव्हतं. ते रोजाचे पैसे संध्याकाळी माझ्या हातात पडायचे. पोरीची वही, माझ्या गोळ्या, भिशी, सगळं त्यातून. हरभऱ्याचा हमीभाव होता क्विंटलला ५,६५० रुपये. त्याचे पैसे ह्यांच्या खात्यात आले आणि पीककर्जात गेले. सातबारा ह्यांच्या नावावर, कर्जही. मला दिसला तो मोबाइलवरचा मेसेज.

माझ्या सोंगणीतल्या जोडीदारणीला तर एक एकरही नाही. ती म्हणाली, "तुयं बरं हाय वो बाई, तुये हात वाचले. आमाले हातच हायेत." मला काही बोलता आलं नाही.

कुटाराचंही, म्हणजे हरभऱ्याच्या भुश्याचंही, नुकसानच. खळ्यात काढलं की ढीग लागतो, बकऱ्या वर्षभर खातात. यंत्रानं ते वावरभर उधळलं. दोन दिवस झाडून गोळा केलं ते मीच. वाचलेल्या वेळेतले हे दोन दिवस कोणी धरत नाही.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. हरभऱ्याचं बी घरचं ठेवता येतं आणि यंत्रातला दाणा फुटतो, म्हणून बियाण्यापुरत्या ओळी हातानं सोंगायच्या हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही तिघी-चौघी बसलो, त्यांना रोज दिला. ते बी कडुनिंबाचा पाला घालून ड्रममध्ये आहे.

पुढच्या रब्बीत दीड एकर विक्रम आणि अर्धा एकर हातानं सोंगायची जाकी, असं माझ्या मनात आहे. हे म्हणतात, "घाट्याचा सौदा आहे." मी म्हटलं, हरभऱ्यात घाटे येणारच.