गोणीतलं अनोळखी सामान: मिस्त्रीला विचारावं, व्हर्नियर लावावा, की फोटो पाठवावा?

सुतारकामाचं जुनं मशीन बघायला गेलात की कोपऱ्यात एक गोणी असतेच. चाळीसगावच्या बंद पडलेल्या एका वखारीत रंधा, गोल करवत आणि होल असं एकातच असलेलं मशीन मी घेतलं, तेव्हाही होती. मालक म्हणाले, "भाऊ, गोणीचे साडेतीन हजार वेगळे. नको असेल तर राहू द्या, उद्या भंगारवाला येतोच आहे." आत एकतीस नग होते. त्यातले सहा-सात मला ओळखू आले. बाकीचं नुसतं गंजलेलं लोखंड. तेही मे महिन्यात पत्र्याखाली तापलेलं, हातात धरवेना.

असं सामान ओळखायच्या तीन वाटा आहेत आणि मी तिन्हीवरून गेलोय. गोणी घ्यायची की सोडायची हे ठरवताना त्यांचा हिशेब उपयोगी पडेल.

पहिली वाट म्हातारा मिस्त्री. धुळ्यात आमच्याकडे जे येतात त्यांना सगळे आबा म्हणतात. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक अशा दोन चकत्या मी आठवडाभर फेकायच्या बाजूला ठेवल्या होत्या. आबांनी उचलल्या, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाई खाच पाडानं शे, भो." करवतीच्या दोन बाजूंना या तिरक्या चकत्या लावल्या की पातं डुलत फिरतं आणि एकाच फेरीत रुंद खाच पडते. व्हर्नियर, म्हणजे जाडी आणि व्यास मोजायचं साधन, लावून हे मला जन्मात कळलं नसतं. माप म्हणजे नुसता आकडा. ती वस्तू कशासाठी केली हे त्यात कुठून सापडणार?

पण मिस्त्री सांगतात ते त्यांच्या हातातून गेलेल्या कामापुरतं. कोयत्यासारखी वाकलेली एक पोलादी पट्टी होती, तिला पाहून आबा म्हणाले, फेका, कामात आड येते. त्यांनी आयुष्यभर ती काढूनच काम केलेलं. ती पट्टी पात्याच्या मागे उभी राहते. चिरलेली फळी मागे मिटून पात्याला आवळू नये आणि अंगावर उडू नये, एवढंच तिचं काम. जाडीवरून ती ओळखता येते: दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा बारीक, पण पात्याच्या अंगापेक्षा जाड. माझ्या पात्याची चीर ३.२ मिमी, अंग २.२ आणि ती पट्टी अडीच. म्हणजे याच मशीनची, याच कामाची. साडेतीन हजारांतले निम्मे मी तिच्यासाठीच दिले असं धरतो.

दुसरी वाट व्हर्नियर. माझा कल हिच्याकडे. कारण विकत घेणाऱ्याला "हे काय आहे" यापेक्षा "हे माझ्या मशीनला बसेल का" हे आधी कळायला हवं, आणि त्याचं उत्तर भोकात, उतारात किंवा आट्यांत असतं. आपले मिस्त्री सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. आता शाफ्ट २५ मिमीचा आणि पात्याचं भोक आठ सुताचं असलं तर पातं बसतं, नटही आवळला जातो, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण ०.४ मिमीची ढिलाई राहिली, म्हणजे पातं मधोमध न बसता ०.२ ने एका बाजूला गेलं. मग एका बाजूचे दात जास्त कापतात, दुसऱ्या बाजूचे जवळजवळ रिकामे फिरतात. साग जळल्यासारखा काळा पडतो आणि दोष पात्याच्या धारेला दिला जातो. ३० मिमीचं भोक नीट खरादलेली रिंग घालून २५.४ वर आणता येतं. पत्र्याची पट्टी गुंडाळून मात्र नाही. ती गुंडाळलेली मी पाहिली आहे, म्हणून सांगतो.

निमुळता दांडा असलेलं काही निघालं, ड्रिल धरणारा चक म्हणा की खरादावर (लेथवर) लाकूड टेकवायचं टोकदार सेंटर, तर जाड टोकाचा व्यास घ्या. मोर्स टेपर, म्हणजे निमुळत्या दांड्याचं ठरलेलं प्रमाण माप, असेल तर १ नंबरला १२.०६५ मिमी, २ नंबरला १७.७८०, ३ नंबरला २३.८२५. उतार साधारण वीसास एक, म्हणजे १०० मिमी लांबीत सुमारे ५ मिमी कमी. दांड्यावर पेन्सिलीच्या तीन-चार उभ्या रेघा ओढून तो भोकात घाला आणि हलकेच फिरवा. रेघा सगळ्या लांबीवर पुसल्या तर जमलं. एकाच टोकाला पुसल्या तर तो तुमचा नव्हे.

आट्यांचं प्रकरण जास्त फसवं. खरादाच्या फेसप्लेटला (लाकूड जिच्यावर आवळतात त्या चकतीला) आट्यांचा एक इंच व्यास आणि इंचाला आठ आटे मोजले म्हणून खूश होऊ नका. जुन्या ब्रिटिश मापात आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन मापात ६०. दोन्हीकडे इंचाला आठच. एकावर दुसरं बऱ्यापैकी चढतंही, पण टेकतं चुकीच्या जागी. कोनाचा गेज कुठल्याही टर्नरकडे मिळतो. त्याच्याकडे दोन मिनिटांचं काम.

चौकटीची कूस, म्हणजे लाकडाच्या टोकाची जीभ, बसवायला चौकोनी भोक पाडणारी पोकळ पटाशी निघाली तर आतलं ड्रिल तिचंच आहे का ते बघा. ड्रिलचं टोक पटाशीच्या धारेपुढे एक-दीड मिमी मोकळं फिरायला हवं. पटाशीचं तोंड निळं पडलेलं दिसलं तर आधीच्या मालकाने ते अंतर ठेवलं नव्हतं आणि पोलादाचं पाणी उतरलेलं आहे.

तिसरी वाट फोटोची. खरं सांगायचं तर माझ्या हाताला फार काही लागलं नाही. बटाला-लुधियानाकडची बिडाची मशीनं आपल्याकडे पुष्कळ, आणि नावाची पट्टी बहुतेकांची कधीच निघून गेलेली. बिडावर उठलेला आकडा पुष्कळदा ओतकामाच्या साच्याचा असतो, मॉडेलचा नव्हे. त्यावरून शोधत बसलो तर रात्र गेली. दुकानदाराला फोटो पाठवला तर उत्तर ठरलेलं: "नवीन घेऊन टाका, साहेब." फोटो पाठवायचाच असेल तर शेजारी फुटपट्टी ठेवा आणि मागची बाजूही काढा. ओळख पटवणारी खाच बहुतेक मागेच असते.

ओळख पटली तरी सगळंच ठेवायचं नसतं. मी फिरणारं आणि न फिरणारं असे दोन ढीग करतो. फेन्स (फळी सरळ टेकवायची आडपट्टी), कोन धरायची पट्टी, टेबलाचा तुकडा, क्लॅम्प हे तडा नसेल तर ठेवतो, कारण चुकलं तर फार तर फळी वाया जाते. फिरणाऱ्या वस्तूंना माझ्याकडे दया नाही. मोटर मिनिटाला २८८० फेऱ्यांची, तिच्यावर पाच इंची पुली, शाफ्टवर तीन इंची, म्हणजे शाफ्ट सुमारे ४८०० फेऱ्यांनी पळतो. पात्यावर कमाल ४५०० कोरलेलं असेल तर ते भंगार. काहीच कोरलेलं नसेल तरी भंगार. रंध्याचा चौकोनी ब्लॉक, म्हणजे पाती धरून फिरणारा ठोकळा, निघाला तर तोही. गोल ब्लॉकपेक्षा त्याच्या आणि टेबलाच्या मधली फट मोठी, आणि बोटं आत ओढली जायला तेवढी पुरते.

रंध्याची पाती तेवढी मी वाचवली, पण वजन करून. जळगावला मेहुण्याच्या ओळखीने सराफाच्या काट्यावर ठेवली तेव्हा जोडीत चार ग्रॅमचा फरक निघाला. सराफ हसला. चार इंची ब्लॉकवर ४८०० फेऱ्यांना ते चार ग्रॅम पाच किलोच्या आसपास ओढ देतात, आणि ती ओढ प्रत्येक फेरीला चहूबाजूंनी फिरते. जड पात्याची मागची कड घासून वजन जुळवलं. घासताना ठिणग्या थोड्या, मंद लाल पडल्या, म्हणजे पाती एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची). पांढरट पिवळ्या, फुटणाऱ्या ठिणग्या पडल्या असत्या तर साधं कार्बन पोलाद.

तुमच्याकडे मशीन नसून हे पहिलंच घेताय, आणि गोणीतलं फिरणारं सामान जास्त असेल, तर गोणी सोडा आणि तेवढे पैसे एका नव्या पात्यात घाला. खरादाची गोणी असेल तर मात्र घासाघीस करून घ्याच. फेसप्लेट, सेंटर, टूलरेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) सहसा खराब होत नाहीत आणि पाळण्याचे, पलंगाचे पाय काढणाऱ्याला रोज लागतात. जाताना व्हर्नियर खिशात ठेवा आणि गोणी उघडायच्या आधी शाफ्ट मोजा. मालक सौद्याची घाई करत असेल तर आकडे कागदावर उतरवून घ्या, चहा मागवा आणि मिस्त्रीला फोन लावा.