प्लगचे आटे गेले: बुश मारायचा की हेलिकॉइल टाकायची?

जुन्या टू-स्ट्रोक चेतकच्या हेडमधले (सिलिंडरच्या झाकणातले) स्पार्क प्लगचे आटे झिजून गेले की मिस्त्री सांगतो, "बुश मारून घेऊ." हौशी मित्र सांगतात, "बुशच्या नादाला लागू नकोस, हेलिकॉइल टाक." दोन्हींत भोक मोठं करून प्लगला नवे आटे द्यायचे: बुश ही आटे असलेली धातूची नळी, हेलिकॉइल ही तारेची. माझ्या चेतकवर दोन्ही होऊन गेलंय, आधी बुश आणि नंतर दुसऱ्या हेडवर कॉइल. सध्या जे या पेचात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्लग 14 मिलिमीटरचा, 1.25 पिचचा (म्हणजे दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतर), आखूड आट्यांचा असतो वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

बाकीचे पर्याय आधी उरकून टाकू. चांगलं हेड मिळत असेल तर ते घ्या आणि मोकळे व्हा. चेतकची हेडं अजून मिळतात. पण डुप्लिकेट हेडच्या ओतकामाचा भरवसा नाही, आणि जुन्या बाजारात हेड घेताना पैसे देण्याआधी प्लगच्या भोकात जरूर डोकावा. मला दाखवलेल्या बऱ्याच हेडांत कुणीतरी आधीच बुश मारून ठेवला होता! आर्गन वेल्डिंगने भोक भरून पुन्हा मूळ मापाचे आटे पाडता येतात, आणि ऐकायला हा सगळ्यांत चोख उपाय वाटतो. पण वर्षानुवर्षं तेल आणि कार्बन मुरलेलं अॅल्युमिनियम वेल्डरला सहजासहजी दाद देत नाही. आतली घाण वर येते, बारीक छिद्रं राहतात, उष्णतेने हेड किंचित वाकतं आणि मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याची बैठक घासत बसावं लागतं. गाडी लॅम्ब्रेटासारखी असेल, दुसरं हेड मिळायची मारामार असेल आणि हाताशी खरोखर चांगला आर्गनवाला असेल, तर जरूर करा. चेतकसाठी एवढा खटाटोप मला तरी जास्त वाटतो. प्लगच्या आट्यांत एपॉक्सी भरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

तेव्हा खरी निवड बुश आणि कॉइल यांच्यातच.

बुशचं मोठं बळ म्हणजे तो कुठेही होतो. मी कोल्हापूरचा, इथे शिवाजी उद्यमनगरात लेथवाला शोधावा लागत नाही, कुणाकडे जायचं एवढंच ठरवावं लागतं. हेड घेऊन गेलात की तो भोक मोठं करतो, त्यात 18 बाय 1.5 चा (18 मिलिमीटर, 1.5 पिच) टॅप मारून आटे पाडतो, बाहेरून 18 आणि आतून 14 चे आटे असलेला बुश लेथवर काढतो आणि आवळून देतो. 18 चा टॅप सगळीकडे सापडतो, कारण एके काळी 18 मिलिमीटरचे प्लगही सर्रास असायचे. चहा घेऊन येईपर्यंत काम होतं आणि पैसेही फार जात नाहीत. माझ्या हेडला बुश मारणाऱ्याने तर छातीठोकपणे सांगितलं होतं, "मालक, हेड फुटंल, पण ह्यो बुश हलायचा नाही."

हिशेब मात्र जरा मांडून बघा. 18 च्या आट्यांचा तळ आणि 14 च्या आट्यांचं टोक यांच्यामध्ये बुशची भिंत उरते जेमतेम एक मिलिमीटर. ती कमी वाटते, पण चालते; बुश तुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. अडचण वॉशरच्या बैठकीची होते. भोक 18 चं झालं की प्लगच्या वॉशरला टेकायला हेडवर एखाद्या मिलिमीटरची कड उरते. म्हणून चांगला टर्नर बुशला वर कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड ठेवतो. कॉलर आली की प्लग तेवढा वर उचलला जातो, त्याचं टोक भोकात आत सरकतं आणि सकाळी दोन किका जास्त माराव्या लागतात. यावर उपाय म्हणजे कॉलर बसेल एवढा खड्डा हेडमध्ये टर्निंग करून घेणं. सांगितलं तर करून देतात, न सांगता करणारा मला अजून भेटलेला नाही.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेसच्या चौकटी तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं. तिचा टॅप वेगळा असतो, बाहेरून साधारण 15.6 मिलिमीटरचा. म्हणजे हेडमधून बुशपेक्षा कितीतरी कमी माल काढला जातो आणि वॉशरची मूळ बैठक जवळजवळ तशीच राहते. प्लग कंपनीने ठरवलेल्या उंचीवर बसतो, कॉलरची भानगड नाही. प्लगसाठीच्या कीटमध्ये बहुधा असा टॅप येतो की त्याचं खालचं टोक जुन्या 14 च्या आट्यांत वाट धरतं आणि वरचा भाग नवे आटे पाडत जातो. ड्रिल लागत नाही आणि तिरकं जायची भीतीही बरीच कमी होते. कॉइल फिरवत आत न्यायची, वरच्या कडेपासून पाव ते अर्धा आटा खाली ठेवायची आणि तळाशी असलेली आडवी शेपटी नोजप्लायरने मोडून काढून घ्यायची. अर्थात हे सगळं हेड उतरवून. चेतकचं हेड चार नटांवर असतं. ते न काढता वरून टॅप मारून "ग्रीस लावलंय, बर (आटे पाडताना निघालेला धातूचा चुरा) सगळी ग्रीसमध्ये अडकते" म्हणणाऱ्याच्या हाती आपला सिलिंडर देऊ नये.

कॉइलचे तोटे लपवत नाही. कीट महाग पडतं, एका बुशच्या तुलनेत तर फारच. एका भोकासाठी संपूर्ण कीट घेणं जिवावर येतं, म्हणून आम्ही तिघांनी मिळून घेतलं. गल्लीतल्या मिस्त्रीकडे ते बहुधा नसतंच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला अशा हत्यारांची दुकानं ओळीने आहेत, नाहीतर ऑनलाइन मागवायचं. मागवताना कॉइलची लांबी नीट बघा. ती भोकाच्या खोलीपेक्षा किंचित कमीच हवी, कारण तारेचं शेवटचं वेटोळं खाली लोंबत राहिलं तर ते तापून लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागतं. स्टेनलेस उष्णता नीट वाहून नेत नाही, त्यामुळे प्लग जास्त तापेल, असाही एक आक्षेप ऐकला. असेल. माझ्या प्लगचा रंग पूर्वीसारखाच कॉफीचा येतो, यापलीकडे मी काही मोजलेलं नाही.

इथवर वाचून दोन्हींचं पारडं सारखं वाटेल, आणि मलाही तसंच वाटत होतं. माझा बुश टिकला, कॉम्प्रेशन गळत नव्हतं, गाडी ओढत होती. माझं मत फिरलं ते आंबा घाटात.

साखरप्याहून घाट चढताना गाडी फडफडायला लागली आणि बंद पडली. टू-स्ट्रोकवाल्याला यात नवल नाही. प्लग शॉर्ट झाला असणार, म्हणजे त्याची ठिणगी बंद, डिकीत दुसरा प्लग असतोच, पाना लावायचा आणि बदलायचा. पाना लावला, प्लग फिरला, बाहेर आला आणि त्याच्यासोबत बुशही आला, अंगात घातल्यासारखा घट्ट. आता गंमत बघा. हेडमध्ये भोक 18 चं आणि हातातला नवा कोरा प्लग 14 चा. तो भोकात नुसता हलत राहतो. जुना प्लग आणि बुश वेगळे करायचे तर बुश कशात तरी पकडायला हवा, आणि रस्त्याच्या कडेला व्हाइस कुठून आणणार? प्लग-बुशची ती जोडगोळी तशीच परत बसवली तर प्लग शॉर्टचा शॉर्टच. शेवटी घाटाच्या उताराने गाडी खाली सोडली आणि साखरप्यात एका नळवाल्याच्या दोन पाइप पान्यांमध्ये ती जोडी सुटली. बुशच्या बाहेरच्या आट्यांची त्यात काय अवस्था झाली ते सांगायला नको.

हे माझ्याच नशिबी आलं असं नाही. चार चेतकवाल्यांना विचारा, एक तरी "माझाही आला होता" म्हणतो. कारणही सरळ आहे. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. 18 मिलिमीटरच्या भोकात दीडशे अंश तापमान वाढलं तर फरक पडतो साधारण तीन शतांश मिलिमीटरचा. बुश बाहेरून तेवढा सैल होतो. आत मात्र प्लगही लोखंडी आणि बुशही लोखंडी, दोघे बरोबरीने पसरतात, वर आट्यांत कार्बन साचून आणखी चिकटतात. पाना फिरवल्यावर जे सैल तेच आधी सुटणार. लॉकटाइट (आटे जागेवर चिकटवून धरणारं द्रव) लावून घ्या असं सांगतात. नेहमी मिळणारं लाल लॉकटाइट साधारण 150 अंशांपर्यंतचं असतं आणि प्लगची जागा त्यापुढे सहज जाते. गाडी गार होऊ द्या, मग प्लग खोला, हा सल्ला योग्यच आहे. पण गाडी रस्त्यात बंद पडते ती गरम असतानाच.

नंतर बुश दहनकक्षाच्या बाजूने पंच मारून (कड ठोकून, दाबून) पक्का करून घेतला आणि तो बसलाही. तरी एक गोष्ट झालीच, आणि माझ्यासाठी निकाल तिनेच लावला. प्लग खोलायला हात धजेना. पूर्वी गाडी जरा अडखळली की प्लग काढून, पुसून, ब्रश मारून लावायचो. आता "चाललीय ना, चालू दे" म्हणू लागलो. टू-स्ट्रोक गाडी ठेवायची आणि प्लगला हात लावायची धास्ती घ्यायची, हे काही जमणारं नव्हतं.

कॉइल टाकल्यापासून ती धास्ती गेली. कॉइल मुळात भोकापेक्षा थोडी मोठी वळलेली असते. बसवताना ती दाबली जाते आणि मग सतत बाहेरच्या बाजूला रेटत राहते. भोक तापून मोठं झालं तरी ती मागोमाग पसरते. कॉइल कधीच प्लगसोबत येत नाही असं मी म्हणणार नाही. आल्याची उदाहरणं आहेत, विशेषतः लांब आट्यांचा चुकीचा प्लग लावून त्याचं खाली उघडं पडलेलं टोक कार्बनने माखलं असेल तर. माझ्याकडे गरम असताना, गार असताना, पावसात, घाटात प्लग कितीदा तरी खोलून झाला आणि ती जागची हललेली नाही. एकाच गाडीचा अनुभव आहे, तेवढंच वजन त्याला द्या.

बुलेटवाल्यांनी माझ्या सांगण्यावरून बुशवर फुली मारू नये. फोर-स्ट्रोकचा प्लग महिनोन्‌महिने खोलावा लागत नाही, तिथे कॉलरचा नीट मारलेला बुश सुखाने नांदतो. ऑइलच्या ड्रेन बोल्टलाही बुश उत्तम. ती जागा तेवढी तापत नाही, शिवाय तिथे पक्की भिंत कामाला येते.

आणि चेतकवाल्यांनो, कीट मागवण्याआधी हेड उतरवून भोकाचं माप घ्या. आधीच्या कुणी 18 चा टॅप मारून ठेवला असेल किंवा भोक अंडाकृती होऊन 15.6 च्या पुढे गेलं असेल, तर कॉइल त्यात धरणारच नाही, मग बुशच. तो लोखंडाऐवजी पितळेचा किंवा फॉस्फर ब्राँझचा काढायला सांगा, त्यांचं पसरणं अॅल्युमिनियमच्या बरंच जवळ जातं. कॉलरसाठी खड्डा करून घ्या, आतून पंच मारायला लावा आणि डिकीत प्लगसोबत एक छोटा पाइप पाना टाकून ठेवा.