चॅम्पियन्स लीग फायनलचं तिकीट: सोडत की क्लबचा कोटा?
नेरूळ-वाशीच्या फॅन मंडळींत चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल स्पर्धेच्या, फायनलचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो सोडतीत नाव टाक, दुसरा म्हणतो क्लबचा मेंबर हो.

नुसते आकडे बघितले तर क्लबवाले भारी. 2024 ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरच्या फायनलला रेआल माद्रिद आणि डॉर्टमुंड या दोन क्लबांना प्रत्येकी 25,000 तिकिटं होती. युएफाच्या (युरोपची फुटबॉल संघटना) सोडतीतून जगभरच्या लोकांना फक्त 10,000. पण त्या 25,000 वर पहिला हक्क जुन्या सभासदांचा, सीझन तिकीटवाल्यांचा. रात्री साडेबाराला आवाज बारीक करून मॅच बघणाऱ्या आपल्याला कोण विचारतो?

त्यात व्हिसा. फायनलला कुठले क्लब ते सेमीफायनलनंतरच कळतं, आणि त्या वर्षी दुसरी सेमीफायनल संपली 8 मेला, फायनल 1 जूनला. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसालाच साधारण तीन आठवडे जातात. म्हणजे क्लबने तिकीट दिलं तरी पासपोर्ट अडकलेला. (30 ऑक्टोबर 2022 ला 17 वर्षांखालच्या मुलींची वर्ल्ड कप फायनल आपल्याच डी. वाय. पाटीलवर झाली, स्पेन-कोलंबिया. ना व्हिसा, ना विमान, नेरूळला उतरायचं.)

सोडतीचे अर्ज सेमीफायनलच्या आधीच भरले जातात. नाव निघालं तर तयारीला वेळ मिळतो. मेख एकच, तेव्हा फायनलला कोण येणार ते ठरलेलं नसतं. नुसत्या आपल्या टीमसाठी जीव टाकणाऱ्याला हे परवडत नाही. तरी इथे बसून मी सोडतच निवडेन, आणि नाव नाही निघालं तर दलालाच्या नादी लागणार नाही.