ओढ्यावरची वीज: स्वॅट की हेक-एचएमएस?

लहान जलविद्युतीसाठी ओढ्याची क्षमता काढायची, तर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाणलोट आखून झाल्यावर गाडी एका प्रश्नापाशी अडते. पावसावरून ओढ्याचा प्रवाह कशात काढायचा, स्वॅटमध्ये की हेक-एचएमएसमध्ये? दोन्ही त्यासाठीचीच संगणकीय प्रारूपं. हिरण्यकेशीच्या वरच्या खोऱ्यात, आंबोली ते आजरा या पट्ट्यात, मी दोन्ही चालवून पाहिली. दोन्ही फुकट आहेत आणि ३० मीटरचा उंची-नकाशा दोघांनाही चालतो, तेव्हा ते सोडून बोलू.

स्वॅटचं आधी चांगलं सांगतो. जमिनीचा वापर, माती आणि उतार एकत्र करून ते खोऱ्याचे तुकडे पाडतं. त्यामुळे ‘जंगलाच्या जागी काजू आला तर उन्हाळी पाणी किती बदलेल’ असले प्रश्न त्याला विचारता येतात. वीस वर्षांचा रोजचा प्रवाह एका दमात मिळतो, त्याचा प्रवाह-कालावधी वक्र (किती प्रवाह किती टक्के दिवस असतो ते दाखवणारा) काढला की ७५ आणि ९० टक्के विश्वासार्हतेचे आकडे हातात. शिवाय अहवालात स्वॅटचं नाव दिसलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं, हेही खरंच.

माझं बिनसलं ते पावसावरून. स्वॅट प्रत्येक उपखोऱ्याला एकाच पर्जन्यमापन केंद्राचा पाऊस देतं, त्याच्या मध्यबिंदूला जे सगळ्यात जवळ असेल त्याचा. सपाट मुलखात हे खपून जातं. इथे आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तीच नदी पन्नास-साठ किलोमीटरवर गडहिंग्लजला पोचते तिथे हजाराच्या आगेमागे. माझ्या नकाशात शेजारशेजारची दोन उपखोरी होती, मध्ये एक टेकाड. एकाच्या वाट्याला आंबोली आली, दुसऱ्याच्या वाट्याला आजरा. आकड्यांत अलीकडे धो धो, पलीकडे रिमझिम. त्या टेकाडावर मी जुलैत छत्री घेऊन उभा राहिलोय. दोन्ही अंगांनी सारखाच भिजलो.

उंचीप्रमाणे पाऊस कमी-जास्त करायची सोय स्वॅटमध्ये आहे. पण घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस घटतो तो मुख्यतः माथ्यापासूनच्या अंतराने. हवामान खात्याचे पाव अंशाच्या चौकटींत दिलेले पावसाचे आकडे घ्यावेत, तर एकेक चौकट पंचवीसेक किलोमीटरची, माथा आणि उतार एकातच. शेवटी मधली कल्पित केंद्रं बनवून फायली भरल्या. दोन रात्री गेल्या, आणि उपखोऱ्यांच्या हद्दी बदलल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हेक-एचएमएसमध्ये त्याच उपखोऱ्यासमोर पावसातला वाटा म्हणून आंबोली ०.६, आजरा ०.४ असं लिहिलं आणि चहाला गेलो.

उन्हाळी झिरप्यात, म्हणजे पाऊस नसताना जमिनीतून ओढ्यात येणाऱ्या पाण्यात, मात्र हेक कच्चं पडलं, निदान माझ्या हातून तरी. मातीतल्या ओलाव्याचे आकडे बरेचसे अंदाजानेच भरावे लागतात. पडताळ्यासाठी साकवाखाली सुका नारळ सोडून घड्याळ लावलं, सरासरी वेगासाठी पृष्ठवेगाला ०.८५ ने गुणलं. डिसेंबरचा प्रवाह बऱ्यापैकी जुळला, एप्रिलचा नाही. पण माझा वीजनिर्मितीचा संच पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिनेच चालवायचा होता, म्हणून ते सोडून दिलं.

हेडची, म्हणजे पाणी किती उंचीवरून पडतं त्याची, चिंता दोन्हीकडे सारखीच. दाट झाडीत उंची-नकाशा जमिनीऐवजी शेंड्यांची उंची सांगू शकतो. सेकंदाला १०० लिटर, ३० मीटर हेड आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली तर साधारण १७.७ किलोवॅट होतात. हेड २५ निघालं तर १४.७, आणि प्रवाह निम्मा निघाला तर ९ सुद्धा नाहीत. हेडची चूक गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन एका दिवसात सुधारता येते. पावसाची चूक एकदा प्रवाहात मुरली की शोधून काढणं कठीण.

तुमच्या नदीवर सरकारी मापनकेंद्र असेल, पर्जन्यमापक दाट असतील आणि प्रश्न पीकबदलाचा असेल, तर स्वॅट घ्या, मी अडवणार नाही. घाटमाथ्यावरचा एखादा ओढा आणि दोनच पर्जन्यमापक असतील, तर मला वाटतं आधी हेक उघडून बघावं.